हॉथॉर्नचे जिवंत कुंपण

हॉथॉर्न हे ब्रिटनच्या मातीतले काटेरी झुडूप, गुलाब आणि सफरचंदाच्या कुळातले. शास्त्रीय नाव क्रॅटेगस मोनोजायना. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी तिथल्या गावोगावच्या सामायिक जमिनी खासगी मालकीत गेल्या, तेव्हा नव्या हद्दींवर हेच मैलोगणती लावले गेले. आता ते घरामागच्या बागेतही लावतात.

लागवड नोव्हेंबर ते मार्च, पानगळीनंतर झाड सुप्तावस्थेत असताना करतात. बी रुजायला दीड वर्षसुद्धा लागते. म्हणून रोपवाटिकेतून उघड्या मुळांची, 40 ते 60 सेंटिमीटर उंचीची रोपे आणतात आणि लावेपर्यंत मुळे ओलसर ठेवतात. चरात दोन ओळी, समोरासमोर न येतील अशी रोपे, मीटरला पाच. बुंध्याशी आच्छादन घालून तण दाबावे लागते.

यानंतरची गोष्ट जिवावर येते: नुकते लावलेले रोप निम्म्याहून अधिक छाटायचे. पण ती टाळू नये. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा उडाला की ते डोळे जागे होतात आणि झुडूप बुडापासून दाट होते. कुंपणाची ताकद बुडाशीच असते.

पुढे मात्र कात्री आवरायला हवी. फुले आधीच्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, त्यामुळे दरवर्षी चहूबाजूंनी कातरलेले कुंपण हिरवेगार दिसते, पण फारसे फुलत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही एकेक बाजू छाटणे उत्तम. मग मे महिन्यात पांढऱ्या फुलांचे झुबके लगडतात. त्यांच्या उग्र वासात ट्रायमिथिलअमाइन असते. नासक्या मासळीलाही याच रसायनाचा वास येतो, आणि माश्या त्याला भुलून परागीभवन करतात. शरद ऋतूत एकाच बीची लाल फळे पिकतात. स्कँडिनेव्हियातून हिवाळ्यासाठी येणारे रेडविंग आणि फील्डफेअर हे कस्तुर पक्षी त्यांवर तुटून पडतात. फळे संपल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस छाटणी केलेली बरी.

काही वर्षांनी कुंपण खालून विरळ झाले, तर खोड बुंध्याजवळ तिरपे, जवळजवळ आरपार कापून आडवे करतात. उरलेल्या साल-लाकडाच्या पातळ पट्टीतून रस वाहत राहतो, खोड जगते आणि बुंध्यातून नवे कोंब येतात.

मार्च ते ऑगस्ट या विणीच्या काळात कुंपणाला हात लावू नये. पक्ष्यांचे वापरातले घरटे जाणूनबुजून मोडणे हा ब्रिटनमध्ये 1981च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.