अनेक हातांची एक धार

आश्विन शुद्ध नवमी ही आपल्याकडे खंडेनवमी म्हणून पाळली जाते. देव्हाऱ्यासमोर पाट मांडून त्यावर घरातील हत्यारे ठेवावयाची, त्यांस गंधाक्षता व झेंडूचे फूल वाहावयाचे, हा या दिवसाचा कुलाचार. पूर्वजांची तलवार ज्यांच्याकडे आहे ते तलवार पुजतात. इतरांच्या पाटावर विळी, कोयता, अडकित्ता आणि सुरी असते. या साध्या हत्यारांस कोणी कमी लेखू नये. वर्षभर घराचे अन्न त्यांच्याच धारेखालून गेलेले असते.

नवरात्रात ज्यांच्या घरी सप्तशतीचा पाठ होतो त्यांस दुसऱ्या अध्यायातील प्रसंग परिचित आहे. महिषासुराच्या वधास्तव प्रकट झालेल्या देवीला शंकरांनी त्रिशूळ दिला, विष्णूंनी चक्र, वरुणाने शंख, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र. खड्ग व ढाल काळाने दिली आणि परशू विश्वकर्म्याने. जगज्जननीच्या हातातील शस्त्रे अशी दहा ठिकाणांहून आलेली आहेत. कीर्तनात हा प्रसंग लावताना मला नेहमी वाटते की, देवांच्या या यादीत विश्वकर्मा येतो हे फार मोलाचे आहे. बाकीच्यांनी आपापल्या आयुधातून आयुध काढून दिले. घडविणारा असा तो एकच.

पृथ्वीवरील शस्त्राचीही हीच कथा आहे. पाते लोहार घडवितो, धार व झिलई शिकलगार देतो, मुठीचे लाकूड सुतार तासतो, म्यान जिनगर शिवतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय घातला असून त्यात शस्त्रास ‘पान’ कसे द्यावे हेही सांगितले आहे. केळीचा क्षार ताकात कालवून एक अहोरात्र ठेवावा आणि त्याचे पाणी दिलेले पाते दगडावर आपटले तरी तुटत नाही, दुसऱ्या लोखंडावर बोथटत नाही, असे त्याचे म्हणणे. आपण मराठीत हत्याराला ‘पाणी देणे’ म्हणतो ते याच क्रियेला. अग्निपुराणात निरनिराळ्या देशांच्या तलवारींचे गुण सांगताना शूर्पारकाच्या तलवारी मजबूत म्हणून गौरविल्या आहेत. हे शूर्पारक म्हणजे वसईजवळचे आजचे नालासोपारे. ग्रंथात गावाचे नाव आले. घडविणाऱ्याचे आले नाही. जेजुरीचा सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा पानसे सरदारांनी देवाला अर्पण केला हे आपण जाणतो. दसऱ्याला तो उचलून धरणाऱ्या वीराचा जयजयकार होतो. ज्याच्या ऐरणीवर तो घडला त्या लोहाराचे नाव त्या गजरात कोणी घेत नाही.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील लोहारांमध्ये रूढ झालेली एक प्रथा भाविक वाचकांस सांगावीशी वाटते. तेथे यंत्रयुगात हाताने पाते घडविण्याची विद्या लोपत चालली होती. मेरिलँड राज्यातील बिल मोरान नावाच्या लोहाराने १९७३ साली थरांच्या पोलादाची, पाण्यावरील लहरींसारखी नक्षी असलेली पाती लोकांसमोर मांडली आणि १९७६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापन केली. या संस्थेची परीक्षा कठीण आहे. उमेदवाराने घडविलेल्या सुरीने अधांतरी लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात कापावयाचा, मग लाकडाच्या दोन फळ्या तोडावयाच्या, त्यानंतरही त्याच धारेने अंगावरचे केस भादरून दाखवावयाचे आणि शेवटी तेच पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवावयाचे. ते मोडता कामा नये. धार राखण्यास कठीणपणा हवा आणि न मोडण्यास लवचीकपणा हवा. दोन्ही एका लोखंडात नांदविणे हीच खरी विद्या.

अशी कसलेली माणसे कित्येकदा एकत्र येऊन एकच सुरी घडवितात. एकजण दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या आलटूनपालटून रचतो, भट्टीत पिवळ्या होईतो तापवितो, टाकणखार भुरभुरून घणाखाली त्या एकजीव करतो. मग ती लगड लांबवून दुमडावयाची, पुन्हा सांधावयाची. सात पट्ट्या पाच वेळा दुमडल्या की २२४ थर होतात. दुसरा त्यातून पात्याचा आकार काढतो आणि तेलाचे पाणी देतो. तिसरा ते घासतो. चौथा हाडाची वा लाकडाची मूठ बसवितो, पाचवा धातूवर नक्षी कोरतो, सहावा चामड्याचे म्यान शिवतो. अखेरीस पाते सौम्य आम्लात बुडविले की एका जातीचे पोलाद काळवंडते, दुसरे उजळ राहते आणि आत दडलेले थर दिसू लागतात.

यात मोठी जोखीम आहे. पहिल्याच्या सांध्यात राखेचा कण अडकला तर तो कोणास दिसत नाही. पाणी देताना पाते तडकते, किंवा सगळे घासून झाल्यावर मधोमध काळी रेघ उमटते, आणि दोघातिघांचे कित्येक दिवसांचे कष्ट मातीमोल होतात. मागच्या हाताचा दोष पुढच्या हाताला भोगावा लागतो. म्हणून मानी कारागिराला हे काम सोपे नाही. स्वतःचे नाव पणास लावून दुसऱ्याच्या कामावर विसंबावयाचे!

एवढे करून ती सुरी त्यांच्यापैकी कोणाच्याच घरी जात नाही. मेळाव्यात तिचा लिलाव पुकारला जातो आणि येणारा पैसा एखाद्या आजारी सहकाऱ्याच्या औषधपाण्याला, कोणा दिवंगत कारागिराच्या कुटुंबाला किंवा नव्या मुलांच्या शिक्षणाला दिला जातो. यज्ञात आहुती देताना यजमान ‘न मम’ म्हणतो. हे लोहार तो शब्द जाणत नसतील, पण एका सुरीवर सहा जणांनी राबून तिच्या मोलातील एक पैही न घेणे याला मी तरी दुसरे नाव देणार नाही.

लिलाव म्हटला की काहींच्या मनात बाजार उभा राहतो. देवाच्या दारी हा शब्द मुळीच परका नाही. देवीला वाहिलेल्या साड्यांचा लिलाव अनेक देवस्थानांत होतो. गोमंतकात देवळातील अशा लिलावास ‘पावणी’ म्हणतात. तेथे एका नारळाला बाजाराच्या कितीतरी पट बोली लागते आणि बोली जिंकणारा तो नारळ कपाळी लावून घरी नेतो. त्या बोलीत नारळाची किंमत नसते.

सुरीच्या बाबतीत लिलावाचा आणखी एक गुण आहे. आपल्या घरांतून विळी किंवा सुरी कोणाच्या हातात देत नाहीत. भांडण होते म्हणून खाली ठेवतात आणि दुसऱ्याने उचलून घ्यावयाची असते. पाश्चात्त्यांतही सुरी भेट दिल्यास स्नेह तुटतो अशी समजूत असून घेणारा एखादे नाणे हातावर ठेवतो, म्हणजे ती विकत घेतल्यासारखी होते. लिलावात हा पेच उरतच नाही. धार विकली जाते आणि दान होते ते पैशाचे.

आपल्याकडच्या लोहाराला असा लिलाव ठाऊक नसेल, पण त्याच्या कामातही हात अनेकच. उद्या पाटावर जी विळी ठेवाल तिचे पाते एकाचे असेल, पाट दुसऱ्याचा, आणि धार दारावर येणाऱ्या शिकलगाराने लावलेली. लोहाराच्या घरी मात्र उद्या भट्टी पेटणार नाही. ऐरण धुऊन पुसून तिला हळदकुंकू लावतात. घण, हातोडे, सांडस तिच्यापुढे ओळीने मांडतात. भाता विसावलेला असतो. विळीला धार लावून हवी असेल तर दसरा झाल्यावर जावे. उद्या तो हत्याराला हात लावणार नाही.