निवृत्तीनंतर घरबसल्या जगाचा सिनेमा

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात हार, शाल, श्रीफळ आणि चार गोड भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज होते, चहा होतो, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून होते आणि घड्याळात जेमतेम साडेआठ वाजलेले असतात. तरुण मंडळी डबे घेऊन कामाला जातात, मुले शाळेत जातात. जोहरच्या अजानपर्यंतचे चार-पाच तास समोर पसरलेले असतात.

आपल्याकडे निवृत्त माणसाच्या पैशाचा हिशेब घरातले सगळेच करतात. पेन्शन किती, ग्रॅच्युइटी किती, मुलीच्या लग्नाला किती, हजसाठी किती बाजूला ठेवायचे. त्याच्या वेळेचा हिशेब मात्र कोणी करत नाही. मग तो वेळ मोबाइल खातो. दिवसभर येणारे निरोप, खऱ्या-खोट्याचा पत्ता नसलेले व्हिडिओ आणि भांडणाला चर्चा म्हणणाऱ्या वृत्तवाहिन्या. संध्याकाळी माणूस घरातल्यांशी बोलायला बसतो तेव्हा त्याच्याकडे बोलायला उरते ते त्या वाहिन्यांचे भय आणि चीड.

या रिकाम्या तासांसाठी मला एक उपाय सुचवायचा आहे. आठवड्यातून एक चांगला चित्रपट, तोही सहसा आपल्या वाट्याला न येणारा: परदेशी किंवा आपल्याच देशातला, पण मागे पडलेला.

घरात चालेल का?

काही घरांत हा प्रश्न लगेच येईल. सिनेमा म्हणजे नाच, मारामारी आणि वेळेचा नाश, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. त्यांचे म्हणणे उडवून लावू नये. बाजारात जे सर्वात जोरात विकले जाते त्यावरून त्यांनी मत बनवले आहे, आणि ते पुष्कळदा खरेही आहे. पण ज्या घरात मालिका आणि बातम्या दिवसाचे चार तास चालतात, तिथे आठवड्यातले दीड तास विचारपूर्वक निवडणे म्हणजे सूट घेणे नव्हे, आवर घालणे आहे. नमाजेच्या वेळा सांभाळाव्यात, चित्रपटाची माहिती आधी काढावी आणि कोणासोबत बसायचे ते आधी ठरवावे.

पूर्वी असे चित्रपट पाहायचे तर शहरात राहावे लागे. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी होती. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तालुक्याच्या गावातल्या माणसाला, आणि बायकांना तर विशेषच, तिथवर पोचणे शक्य नव्हते. आज तोच सिनेमा घरच्या टीव्हीवर येतो. आपल्या अम्मी-खाला घरच्या कपड्यांत, पाय पसरून तो पाहू शकतात.

भाषेची भिंत पातळ आहे

परदेशी चित्रपट म्हटले की पहिली अडचण भाषेची. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे येतात, ती दोन-चार सेकंदांत पुसली जातात. पण ही सवय आपल्या ज्येष्ठांना अगदीच नवी नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट अशीच खाली अक्षरे देऊन दाखवत. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना तर ही अक्षरे सोयीचीच आहेत, आवाज मोठा करण्यावरून भांडण होत नाही. बहुतेक ठिकाणी अक्षरांचा आकार वाढवता येतो. ते एकदा मुलाकडून करून घ्यावे.

आमचे सासरे एसटीत चालक होते. मराठी आणि उर्दू उत्तम वाचतात, इंग्रजी नाही. सासूबाईंच्या इंतकालानंतर ते फार कमी बोलू लागले होते. शनिवारी दुपारी चित्रपट पाहायचे ठरले तेव्हा माझ्या आठवीतल्या मुलीने खालची वाक्ये वाचून दादाअब्बांना सांगायचे काम घेतले. सुरुवातीला ती अडखळे. हळूहळू ती वाक्य वाचून थेट आपल्या बोलीत सांगू लागली. इंग्रजीच्या शिकवणीने जे होत नव्हते ते असे झाले. शिक्षिका म्हणून सांगते, मुलांना वाचनाचे खरे कारण मिळाले की वाचन सुधारते, आणि समोर थांबलेला आजोबा हे फार चांगले कारण आहे.

इराणी चित्रपट लावला की आणखी एक मौज होते. फारसी संवादांतले शब्द ओळखीचे निघतात. अब्बास कियारोस्तमी यांच्या १९८७च्या चित्रपटाचे मूळ नाव आहे ‘खाने-ये दूस्त कोजास्त’, म्हणजे मित्राचे घर कुठे आहे. यातला ‘दूस्त’ आपला दोस्त, आणि ‘खाने’ म्हणजे आपल्या दवाखान्यातला आणि कारखान्यातला खाना. माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’चे मूळ नाव ‘बच्चेहा-ये आस्मान’. त्याला भाषांतर तरी कशाला हवे? उर्दू जाणणाऱ्याला अर्धे आणि मराठी माणसाला पाव असे ते सहज कळते.

मुलांच्या गोष्टी, मोठ्यांसाठी

सुरुवात या दोन चित्रपटांनीच करावी. दोन्ही दीड तासाच्या आत संपतात आणि घरातल्या कोणासोबतही पाहता येतात. ‘मित्राचे घर’मध्ये गुरुजी एका मुलाला दम देतात की पुन्हा वहीत गृहपाठ केला नाहीस तर शाळेतून काढीन. त्याच दिवशी त्याची वही चुकून शेजारच्या अहमदच्या दप्तरात येते. अहमद ती परत करायला शेजारच्या गावी निघतो. त्याला मित्राचे घर ठाऊक नाही. आई ऐकत नाही, आजोबा ऐकत नाहीत, गावातले मोठे लोक आपापल्या बोलण्यात गुंग आहेत. कथा एवढीच. वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी.

‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ १९९७चा. दुरुस्तीला दिलेले बहिणीचे बूट अलीकडून हरवतात. घरात पैसे नाहीत, म्हणून भाऊ-बहीण एकच बूटजोड वाटून घेतात. ती सकाळी, तो दुपारी. ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला इराणी चित्रपट. गरिबी दाखवूनही घरातल्या एकाही माणसाची लाज त्यात काढलेली नाही.

यांच्या जोडीला २०१२चा ‘वज्दा’ ठेवावा. सायकल हवी म्हणून शाळेतल्या कुरआन पठणाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या रियाधमधल्या दहा वर्षांच्या मुलीची ही गोष्ट. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर. संपूर्ण चित्रीकरण सौदी अरेबियात झालेला हा पहिला कथापट. तेव्हा तिथे चित्रपटगृहेच नव्हती, ती २०१८ साली पुन्हा सुरू झाली. रस्त्यावरची दृश्ये दिग्दर्शिकेने व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवर सूचना देत घेतली.

म्हातारपण जसे आहे तसे

आपल्या चित्रपटांत म्हातारी माणसे एक तर आशीर्वाद देतात, नाही तर मुलांकडून छळ सोसतात. खऱ्या घरांत या दोहोंमधलेच पुष्कळ असते. ते पाहायचे तर जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३चा ‘टोकियो स्टोरी’ पाहावा. लहान गावातले आई-वडील टोकियोतल्या मुलांकडे राहायला येतात. मुले वाईट नाहीत, कामात आहेत. एक डॉक्टर, एकीचे केशरचनेचे दुकान. आई-वडिलांचे मन रमावे म्हणून ती त्यांना समुद्रकाठच्या एका हॉटेलात पाठवून देतात. त्यांना खरा वेळ देते ती युद्धात नवरा गमावलेली सून. यात कोणी ओरडत नाही, कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही. तरीही पाहताना प्रत्येकाला आपले घर आठवते. वडिलांची भूमिका करणारे चिशू र्‍यू तेव्हा ५० वर्षांचेही नव्हते.

इटलीचे व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९५२चा ‘उंबेर्तो डी.’ तर पेन्शनीच्या मोर्च्यानेच सुरू होतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एक एकटा माणूस, सोबतीला एक कुत्रा, थकलेले खोलीभाडे आणि काही केल्या न पुरणारी पेन्शन. एका प्रसंगी तो भीक मागायला हात पुढे करतो आणि लाजेने तळहात उलटा करून पाऊस पडतोय का पाहिल्याचे सोंग आणतो. ही भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच वर्षीचा अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ जरा लांब आहे, दोन तासांहून अधिक. वर्षानुवर्षे कागदांवर शिक्के मारणाऱ्या एका अधिकाऱ्याला कॅन्सर झाल्याचे कळते आणि उरलेल्या महिन्यांत तो वस्तीतल्या मुलांसाठी एक बाग करून घेतो. कार्यालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्यांना यातले टेबलाटेबलावर फिरणारे अर्ज चांगलेच ओळखीचे वाटतील.

घरात आजारी वृद्ध असतील तर असगर फरहादी यांचा २०११चा ‘अ सेपरेशन’ मोठ्यांनी जरूर पाहावा. स्मृती हरवलेल्या वडिलांना सोडून परदेशी जायला मुलगा तयार नाही, आणि बायकोला जायचे आहे. देखभालीला ठेवलेल्या बाईसमोर पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो: म्हाताऱ्याचे कपडे ओले झाले आहेत, परक्या पुरुषाला धुणे-पुसणे आपल्याला जायज आहे का? ती फोन करून तसे विचारते. हा प्रश्न आपल्याकडे सेवेला येणाऱ्या बायांनाही पडतो, आपण तो ऐकलेला नसतो एवढेच. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले.

हजच्या वाटेवर

सर्वांत जास्त बोलणे आमच्या घरी झाले ते ‘ल ग्राँ व्हॉयाज’वर, म्हणजे ‘मोठा प्रवास’. इस्माईल फेरूखी यांचा हा २००४चा चित्रपट. फ्रान्समध्ये राहणारा मोरोक्कोचा एक म्हातारा ठरवतो की हजला विमानाने नाही, मोटारीने जायचे. गाडी धाकट्या मुलाने चालवायची. मुलाची परीक्षा तोंडावर आहे, त्याला दीनाची गोडी नाही. बाप अरबीत बोलतो, मुलगा फ्रेंचमध्ये उत्तरे देतो. इटली, बाल्कन, तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन असे हजारो किलोमीटर ते एका गाडीत अबोल्याने कापतात. मक्केतली दृश्ये हजच्या खऱ्या गर्दीत घेतलेली आहेत. एक-दोन प्रसंग लहान मुलांसोबत पाहण्याजोगे नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

सासऱ्यांनी निम्मा चित्रपट चालकाच्या नजरेने पाहिला. “एवढ्या लांबच्या फेरीला एकच ड्रायव्हर? झोप कधी काढणार पोरगा?” शेवट आला तेव्हा मात्र ते उठून वुजूला गेले. त्या रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदा सासूबाईंसोबत हजला जायचे राहून गेल्याचे बोलून दाखवले. घरात कोणालाही त्यांच्या मनातले हे ठाऊक नव्हते. चित्रपटाने दुःख कमी केले असे मी म्हणणार नाही. ते बोलायला एक वाट मिळाली.

आपलेच, पण मागे पडलेले

परदेशाइतकेच जवळचेही शोधावे. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ नाव ऐकून अनेकांना ठाऊक आहे, पाहिलेला थोड्यांनीच. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी तो लिहिला. फाळणीनंतर आग्र्यातला बूट कारखानदार सलीम मिर्झा एकेक माणूस आणि एकेक आधार गमावत जातो. हवेली सोडावी लागते तेव्हा त्याची म्हातारी आई जळणाच्या खोलीत लपून बसते. सलीम मिर्झा झालेल्या बलराज साहनी यांचे चित्रपट लागण्यापूर्वीच, एप्रिल १९७३ मध्ये निधन झाले.

सईद अख्तर मिर्झा यांचा १९९५चा ‘नसीम’ त्याहून मागे पडला. १९९२च्या मुंबईत अंथरुणाला खिळलेला एक आजोबा आपल्या शाळकरी नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतो. बाहेरची हवा महिन्यागणिक बदलत जाते. आजोबांची भूमिका स्वतः कैफी आझमींनी केली. आजोबा-नातीने तो शेजारी बसून पाहावा आणि नंतर टीव्ही बंद करून बोलत राहावे.

सुरुवात कशी करावी

दिवस एकच ठरवावा, म्हणजे त्याची वाट पाहिली जाते. कोणता चित्रपट कुठे आहे हे बदलत राहते, म्हणून नाव, दिग्दर्शक आणि वर्ष एका वहीत लिहून ठेवावे. रिमोटवर बोलून शोधायची सोय असेल तर ती ज्येष्ठांना शिकवावी, दर वेळी नातवाची वाट पाहावी लागू नये. पहिली दहा-पंधरा मिनिटे संथ वाटतील, तेवढा धीर धरावा. डोळे थकले तर मध्येच थांबवावे, उरलेला उद्या. पाहून झाल्यावर त्याच वहीत दोन ओळी लिहायला सांगावे, उर्दूत किंवा मराठीत.

पहिल्या महिन्याचे चार शनिवार असे जावेत: ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, ‘मित्राचे घर’, ‘टोकियो स्टोरी’ आणि ‘नसीम’. पाचव्या आठवड्याची निवड निवृत्त माणसावर सोडावी. आमच्याकडे वही आता सासऱ्यांच्या ताब्यात आहे, आणि पुढच्या शनिवारी काय पाहायचे हे तेच आम्हाला सांगतात.