खिळ्यांची केस आणि कुलवृत्तांत

कऱ्हाडात आमचा छापखाना आहे. वडील खिळे जुळवायचे, मी १९९८ पासून संगणकावर पानं लावते. या जानेवारीत एक निवृत्त गुरुजी सीडी घेऊन आले. २००४ साली त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत आम्हीच छापला होता, ४१२ पानांचा. मधल्या बावीस वर्षांत घराण्यात किती जन्म झाले, किती माणसं गेली, किती सुना आल्या. ते सगळं घालून नवी आवृत्ती काढायची होती. "ताई, सीडीवर ओरखडासुद्धा पडू दिलेला नाही मी," ते म्हणाले.

सीडी ठणठणीत होती. गेला होता तो संगणक. सीडीवरची फाइल पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममधली. ते ज्या एकुलत्या यंत्रावर चालायचं, त्याचा मदरबोर्ड आदल्याच आठवड्यात जळला होता. दुसऱ्या संगणकावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मिळणारे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ ला त्याचा प्रोसेसर चालेना. म्हणून दिवाळीत भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं होतं. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट, सगळं त्यावर छान चालतं. पण आमचं पेजमेकर विंडोजचं. त्याची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली, लिनक्ससाठी ते कधीच निघालं नाही.

मी भाच्याला फोन केला. "आत्या, वाइन टाक," तो म्हणाला. "प्यायची नव्हे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवते ती."

पुढचे चार दिवस मी ते शिकले. जुन्या फायली उराशी धरून बसलेली माझ्यासारखी माणसं गावोगाव आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वाइन हे नाव एका वाक्याच्या आद्याक्षरांचं आहे: वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर. म्हणजे वाइन एम्युलेटर नव्हे. या नकारातच तिचं सगळं मर्म आहे, आणि ते मला कळलं वडिलांच्या खिळ्यांच्या केसमुळे. देवनागरीच्या खिळ्यांचे शेकडो प्रकार. केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत, प्रत्येकाचं घर ठरलेलं. वडील मजकुराकडे बघत जुळवायचे, केसकडे त्यांची नजर जायचीच नाही. हात आपोआप त्या त्या घरात जायचा. आता अशा जुळाऱ्याला दुसऱ्या गावच्या छापखान्यात बसवायचं आहे असं समजा. एक उपाय म्हणजे त्याचा जुना छापखाना भिंती-दारांसकट नव्या इमारतीत उभा करायचा. एम्युलेटर किंवा व्हर्च्युअल मशीन तेच करतं: संगणकाच्या आत आणखी एक अख्खा संगणक, त्यावर पुन्हा अख्खं विंडोज. जागाही जास्त लागते, मेमरीही. दुसरा उपाय साधा आहे. नव्या छापखान्यातली केस जुन्या क्रमाने लावून द्यायची. हात त्याच घरात जाईल, खिळा हाती लागेल. तो खिळा कोणत्या फाउंड्रीत ओतला, हे हाताला कळायचं कारण नाही.

वाइन हा दुसरा उपाय करते. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम स्वतः खिडकी काढत नाही की फाइल उघडत नाही. ती कामं तो विंडोजच्या ठरलेल्या फंक्शनांकडे मागतो: खिडकी काढ, ही फाइल उघड, या फाँटमधलं हे अक्षर इथे ठेव. ही फंक्शनं डीएलएल नावाच्या फायलींत असतात. वाइनने त्याच नावांच्या, त्याच फंक्शनांच्या स्वतःच्या डीएलएल नव्याने लिहिल्या आहेत आणि आतून त्या हेच काम लिनक्सकडून करून घेतात. प्रोसेसर तोच असतो, प्रोग्रॅमच्या सूचना त्याला थेट कळतात. म्हणून जुन्या यंत्रावरही वाइन रेंगाळत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण विंडोजमध्ये अशी हजारो फंक्शनं आहेत आणि वाइन लिहिणारे मायक्रोसॉफ्टचा कोड पाहत नाहीत. खऱ्या विंडोजला ते छोट्या छोट्या चाचण्यांतून प्रश्न विचारतात, उत्तर टिपतात आणि आपल्या डीएलएलने तंतोतंत तसंच उत्तर द्यावं असं बघतात. विंडोजचं एखादं फंक्शन चुकत असेल तर ती चूकही जशीच्या तशी ठेवावी लागते, कारण कुठला तरी प्रोग्रॅम तिच्यावर विसंबून असतो. एका घरात चुकून भलताच खिळा पडत आला असेल आणि जुळाऱ्याच्या हाताला त्याचीच सवय झाली असेल, तर नव्या केसमध्येही तो तिथेच हवा.

हे काम १९९३ मध्ये बॉब अ‍ॅमस्टाट आणि एरिक यंगडेल यांनी सुरू केलं, विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून. १९९४ पासून अलेक्झांड्र ज्युलियार त्याची धुरा सांभाळत आहेत. पहिली पक्की आवृत्ती, वाइन १.०, आली १७ जून २००८ रोजी. पंधरा वर्षांनी! तेव्हा नीट चाललेच पाहिजेत असे जे मोजके प्रोग्रॅम ठरवले होते, त्यांत फोटोशॉप सीएस२ होतं, हे वाचून मला आमच्या धंद्यातल्या माणसांच्या वतीने बरं वाटलं. अलीकडे या कामाला बळ मिळालं ते खेळांमुळे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये वाइनवर आधारलेलं प्रोटॉन काढलं आणि २०२२ मध्ये हातात धरायचा स्टीम डेक. त्यावर विंडोजचे खेळ लिनक्सवर चालतात. पोरांच्या खेळांसाठी झालेली मेहनत कऱ्हाडातल्या एका कुलवृत्तांताच्या कामी येते. ज्यांनी ती केली त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता प्रत्यक्ष बसवणं. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये वाइन मिळते. ती घेतली आणि पेजमेकरची सेटअप फाइल चालवली, तर टर्मिनलवर निरोप आला: वाइन३२ दिसत नाही, ते बसवा. पहिल्यांदा बसवणारे बरेच जण इथे अडतात. हल्लीची लिनक्स ६४ बिटची असते, पेजमेकरसारखे जुने प्रोग्रॅम ३२ बिटचे. तेव्हा वाइनचा ३२ बिटचा भागही मागून घ्यावा लागतो. त्यासाठी उबुंटू, डेबियन आणि मिंटसारख्या त्यांच्या भाऊबंद लिनक्सना आधी सांगायचं की आय३८६ जातीची पॅकेजही चालतील, मग यादी ताजी करायची आणि वाइन३२ बसवायचं. अगदी नवी आवृत्ती हवी असेल तर वाइनच्या प्रकल्पाचं स्वतःचं भांडार जोडता येतं. नवी पक्की आवृत्ती बहुधा दर जानेवारीत येते. मला मिंटच्या भांडारातली जुनी पुरली.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. बसवताना पासवर्ड देऊन अधिकार घ्यावे लागतात. पण चालवताना वाइन कधीही सुडो लावून, म्हणजे ते अधिकार देऊन, चालवू नका. विंडोजचा व्हायरस वाइनमध्येही चालू शकतो आणि तुम्ही दिलेले अधिकार त्यालाही मिळतात.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर वाइन थोडा वेळ घेते आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेला फोल्डर तयार करते. त्याचं नाव टिंब देऊन वाइन. भाच्याने तो उघडायला लावला तेव्हा मी बघतच राहिले. आत ड्राइव्ह सी, त्यात विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स, फाँट्स, सगळी ओळखीची घरं. रजिस्ट्रीसुद्धा तिथेच, साध्या वाचता येणाऱ्या मजकुराच्या फायलींत. अख्खा संसार एका फोल्डरात. तो पेन ड्राइव्हवर उतरवला की पेजमेकर त्याच्या सेटिंगांसकट जपून राहतं. हव्या त्या प्रोग्रॅमसाठी असा वेगळा फोल्डरही करता येतो, त्याला प्रीफिक्स म्हणतात. एका प्रोग्रॅमची खटपट दुसऱ्याला बाधत नाही. झेड ड्राइव्ह म्हणजे तुमची सगळी लिनक्स. म्हणून व्हायरसची भीती पोकळ नाही: झेडमधून त्याला तुमचे फोटोही दिसतात.

वाइनकॉन्फिग नावाच्या खिडकीत मी दोन गोष्टी बदलल्या. पेजमेकरपुरतं विंडोज एक्सपी निवडलं आणि अक्षरांचा आकार ९६ डीपीआयवरून १२० केला, डोळ्यांसाठी. मग सेटअप विनातक्रार पार पडला.

कुलवृत्तांत उघडला आणि फाँट सापडत नसल्याची खिडकी आली. पुस्तक कृतिदेवमध्ये होतं. नव्या मुलांसाठी सांगते: युनिकोड रुळण्याआधीचे असे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेली मराठी चित्रं होती. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. फाँट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर ही पाच अक्षरं. तेव्हा फाँट हरवणं म्हणजे मजकूरच हरवणं. माझ्याकडे फाँटची मूळ फाइल होती. ती ड्राइव्ह सी मधल्या फाँट्स फोल्डरात टाकली आणि पेजमेकर पुन्हा उघडलं.

मराठी आली. पण पहिल्याच पानावर 'कुलवृत्तांत' या शब्दातला त्त गायब, तिथे चौकोन.

त्या चौकोनाने माझा एक अख्खा दिवस खाल्ला. मग उलगडा झाला. युनिकोड न वापरणाऱ्या प्रोग्रॅमला वाइन अक्षरांचा तक्ता पुरवते तो संगणकाच्या भाषेवरून. माझ्या मिंटची भाषा मी हौसेने मराठी ठेवली आहे. आणि विंडोजच्या त्या जुन्या तक्त्यांत मराठीसाठी तक्ताच नव्हता, कधीच. कृतिदेवची साधी अक्षरं इंग्रजी कळफलकावरच्या चिन्हांवर बसतात, ती वाचली. पण त्त सारखी कितीतरी जोडाक्षरं युरोपीय भाषांच्या टोपीवाल्या अक्षरांवर बसवलेली आहेत, तिथे घोटाळा झाला. उपाय एका ओळीचा निघाला: पेजमेकर सुरू करणाऱ्या आज्ञेच्या आधी, या प्रोग्रॅमपुरती भाषा अमेरिकन इंग्रजी आहे असं लिहायचं. तसं लिहिलं आणि त्त जागच्या जागी आला. आमच्या पिढीने मराठी अशी दुसऱ्याच्या अंगरख्यात वावरवली. ती वाचायची तर आजही यंत्राला ही मराठी नव्हे असं सांगावं लागतं, हे मला लागलं. जुन्या फायली लवकरात लवकर युनिकोडमध्ये आणल्या पाहिजेत, हे तेव्हाच पक्कं झालं.

छपाईचं सोपं निघालं. वाइनमधला प्रोग्रॅम लिनक्सला जोडलेलेच प्रिंटर वापरतो. मिंटवर पीडीएफ काढणारा एक नावापुरता प्रिंटर बसवला, तो पेजमेकरच्या यादीत दिसू लागला आणि ४१२ पानांची पीडीएफ होम फोल्डरात येऊन पडली.

सगळंच चालतं असं नाही. आमच्या काही जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर दुसऱ्या एका फाँट पॅकेजमध्ये आहे. त्याला डोंगल लागतं, संगणकाला खोचायची किल्ली. डोंगल ओळखायला विंडोजच्या गाभ्यात शिरणारा ड्रायव्हर लागतो आणि वाइन असे ड्रायव्हर सहसा चालवू शकत नाही. मी पैसे मोजून घेतलेलं, किल्ली हातात, आणि तरी माझंच काम मला उघडता येत नाही. याचा मला अजून राग येतो. त्या फायलींसाठी ओळखीच्या एका डीटीपीवाल्याच्या जुन्या एक्सपीवर जाऊन बसते. अँटिव्हायरस, काही ऑनलाइन खेळ, यांचंही असंच अडतं. आपला प्रोग्रॅम चालेल का हे आधी बघायचं असेल तर वाइनच्या प्रकल्पाची यादी आहे. वापरणारे स्वतः तिथे दर्जा लिहितात, प्लॅटिनमपासून थेट कचऱ्यापर्यंत. आणि एखादी जोडवस्तू कमी पडत असेल तर वाइनट्रिक्स ती आणून बसवतं.

गुरुजी परवा आले. नव्या वंशावळीची पानं अजून लावायची आहेत, पण जुन्या मजकुराचं प्रूफ तयार होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पान २१७ वर पेन्सिल टेकवली. त्यांच्या आत्याचं सासर मसूर, आम्ही छापलं होतं म्हसवड. बावीस वर्षं तसंच होतं.

"तेव्हा सांगायला संकोच वाटला," ते म्हणाले. "पुस्तक बांधून झालं होतं."

मी फाइल उघडली, त्यांच्यासमोर म्हसवड खोडून मसूर केलं आणि सेव्ह केलं.