थोर तबकडी कोणती?

निपाणीच्या एखाद्या ओसरीवर गाण्याचा विषय निघाला की वाद ठरलेलाच : सर्वांत थोर ध्वनिमुद्रिका कोणती? कोणी पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगांचे नाव घेतो. बेळगावकडचा मनुष्य सुळेभावीस १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची 'त्रिवेणी' पुढे करतो. दोघांची मातृभाषा कानडी, आणि मराठी घरांनी दोघांनाही आपलेच मानले. आम्हांस दोन्ही मते आदरणीय वाटतात. तथापि आमचा कौल मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या जुन्या तबकडीस आहे.

त्या तबकडीची बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. पुढील काळच्या मोठ्या तबकडीस एका बाजूस वीसएक मिनिटे मिळत. म्हणून लांबी वा खप हे माप खरे नव्हे. ऐकणाऱ्याच्या ठायी काय जागे झाले, हेच पाहावे. ही ठुमरी ऐकून गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यास गुरू लाभले. कुमारही बालपणी थोरांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात असत. ज्यांच्या नावाने आपण भांडतो, ते दोघेही मुळात तबकडीपुढे बसलेले श्रोते होते!

वाचकहो, माळ्यावरील जुन्या तबकड्या भंगारात देऊ नका. त्या लाखेच्या, पडताच फुटणाऱ्या असतात. कोणत्या मुलाचा कान त्यांची वाट पाहत आहे, हे कोणी सांगावे?