घरी एकटे राहणारे पिल्लू
भातकापणीला सारे घर शेतावर जाते आणि राखणीसाठी आणलेले दोन महिन्यांचे पिल्लू दिवसभर खांबाला बांधलेले राहते. घरभेटीत हे आम्ही नेहमी पाहतो. दोरीचा फास बसतो. भांडे लवंडले की पाणीही नाही. एवढ्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खाणे लागते, लघवी दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. घाण केली म्हणून मारू नये. पडवीत फळ्यांचा आडोसा करावा, जड भांड्यात पाणी ठेवावे, दुपारी कोणीतरी फेरी मारावी. शेजारच्या आजी हे आनंदाने करतात! तीन महिन्यांचे होताच पिसाळीची लस टोचावी. आपल्यामागे त्याला कोण चावून गेले ते कळत नाही, आणि पिसाळीची लक्षणे दिसल्यावर माणूस सहसा वाचत नाही. पिल्लू चावले तर जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.