घर सारखंच, मग भाव दुप्पट का? इसार देण्याआधी हे बघा

दोन खोल्यांचं घर खेड्यात बांधा की तालुक्याला, विटा, सिमेंट, सळई जवळपास तेवढीच लागते. मजुरीत थोडाफार फरक पडतो. तरी तालुक्यातलं घर दुप्पट-तिप्पट भावाने जातं. हा फरक बांधकामाचा नसून जागेचा आहे. डांबरी रस्ता, एसटी स्टँड, शाळा, दवाखाना, नळाचं पाणी जवळ असलं की गिऱ्हाईक वाढतं. जागा मात्र तेवढीच राहते.

दलाल याचाच फायदा घेतात. 'इथून हायवे जाणार' म्हणत उद्याचा भाव आजच लावतात. रस्ता दुसरीकडून गेला तर पैसे अडकतात. प्लॉटमधूनच गेला तर जागा संपादनात जाते.

त्यामुळे इसार देण्याआधी सातबारा बघा. गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर बिगरशेतीचे कागद आणि मंजूर लेआउट मागा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर गावाचा रेडीरेकनर दर मोबाईलवर दिसतो. खरेदीची किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यात जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. शेजारच्या प्लॉटचं खरेदीखत कितीला झालं, तेही विचारून घ्या.