स्टिअरिंग का थरथरते?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून २०२३ साली निवृत्त झाली. तथापि हौसेने जपलेल्या अशा मोटारी आजही आढळतात. त्यांच्या स्टिअरिंगला थरथर सुटली, की दोष स्टिअरिंगचाच, असा समज सर्रास करून घेतला जातो. वस्तुतः थरथर केव्हा जाणवते, यावरून दोषाचे स्थान बहुधा उमगते. ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगाला ती सुरू होऊन वेग बदलताच ओसरत असेल, तर पुढच्या चाकांचा समतोल तपासावा. केवळ ब्रेक दाबताच हादरे बसत असल्यास ब्रेकचा ड्रम लंबगोल झाल्याचा संशय घ्यावा. मंद वेगातही स्टिअरिंग डुलत असेल, तर वाकलेली रिम, फुगवटा आलेला टायर आणि मुख्यतः चाकाचे सैल नट पाहावेत.

सर्वांत महत्त्वाची चाचणी बिनखर्चाची आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून, गाडीला भक्कम आधार देऊन ते हाताने हलवावे. वर-खाली हलल्यास बेअरिंग वा किंगपिन, डावी-उजवीकडे हलल्यास टाय रॉडचे सांधे झिजलेले असण्याचा संभव असतो. असा सांधा निखळल्यास चाकावरील ताबाच सुटतो. तो ढिला असताना पुनःपुन्हा समतोल साधून घेणे हा निव्वळ अपव्यय होय. अशी मोटार दुरुस्तीस न्यावी, पण चालवत नव्हे, ओढून.